ताप ३९ की १०२?

पावसाळ्यातली रात्र. वस्तीतली एक आजी दोन महिन्यांच्या नातीला घेऊन आमच्या दारात आली. "सिस्टर, पोरगी दूध ओढत नाही. अंगाला हात लावला तर चटका बसतो. पण मशीन म्हणते ताप नाही." आम्ही मशीन पाहिले. नवे डिजिटल थर्मामीटर, आकडा ३८.९. आजीचा हिशेब सरळ होता, शंभराच्या वर गेला तर ताप. या हिशेबावर घरच्यांनी दुपारपासून वाट पाहिली होती.

३८.९ सेल्सिअस म्हणजे १०२ फॅरेनहाइट. आम्ही तिथूनच रिक्षा केली. पाच दिवस दवाखान्यात राहून पोरगी घरी आली.

यात आजीची चूक नाही. आपल्या घरांत ताप फॅरेनहाइटमध्येच बोलला जातो, दवाखान्याच्या कागदावर मात्र बऱ्याचदा सेल्सिअस असते. दोन मापे, दोन माणसांची. फॅरेनहाइटच्या मापात बर्फ ३२ वर वितळतो आणि पाणी २१२ वर उकळते. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ साली या दोन टोकांमध्ये शंभर भाग केले. गंमत म्हणजे त्याने उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० धरले होते. काही वर्षांतच ते उलटवले गेले. बरे झाले, नाहीतर ताप चढताना आकडा उतरला असता!

एकीकडे १०० पायऱ्या, दुसरीकडे तेवढ्यातच १८०. म्हणून सेल्सिअसची एक पायरी फॅरेनहाइटच्या जवळजवळ दोन पायऱ्यांएवढी असते. ३८ चे ३९ झाले तर "एकानेच वाढला" म्हणू नका. तोंडी हिशेब असा: आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा, मग ३२ मिळवा. ३९ चे ७८, त्यातून ७.८ गेले, उरले ७०.२, त्यात ३२ मिळवले की १०२.२.

रात्री दोन वाजता रडते मूल मांडीवर असताना हा हिशेब कोण करणार? त्यापेक्षा चार जोड्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. काखेत लावलेले थर्मामीटर थोडे कमीच दाखवते, हेही ध्यानात असू द्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८, म्हणजेच १००.४ ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. मूल पीत नसेल, झटके येत असतील, धाप लागली असेल किंवा जागे करूनही डोळे उघडत नसेल, तर आकडा कितीही असो, निघा.

उन्हाळ्यात बातम्यांमध्ये सांगतात ते ४० किंवा ४५ सेल्सिअसचेच. हवा ३७ च्या वर गेली की पंखा गरम वारा फेकतो आणि शरीराला थंड व्हायला फक्त घामाचा आधार उरतो. पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. उन्हात राबून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग १०४ वर गेले, तर ती उष्माघाताची खूण. तिथे तापाची गोळी उपयोगाची नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

थर्मामीटर घेताना आकड्याशेजारचे अक्षर दुकानदाराकडून दाखवून घ्या, 'सी' आहे की 'एफ'. आम्हाला फोन कराल तेव्हाही आकड्याबरोबर ते अक्षर सांगा.