तिसऱ्या आठवड्यात वजनकाटा अडला तर?

कोथरूडमधले आम्ही काहीजण फजरनंतर एआरएआयच्या टेकडीवर चालायला जातो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की घरभर खुशी. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, आणि टेकडी सुटते.

खरं तर सुरुवातीला उतरतं ते बरंचसं पाणीच. शरीरातल्या साखरेच्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. जेवण कमी केलं की साठा घटतो, पाणीही जातं. चरबी मात्र सावकाश जळते. एका किलोत सुमारे 7,700 कॅलरी. रोज 500 कमी घेतल्या तरी पंधरा दिवस लागतात. (मधे दावत आली तर जास्तच!)

म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवू या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2! आपल्याकडे कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत हवी. पंधरा दिवसांनी मोजा, वहीत लिहा.

अब्बू-अम्मींना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा.