माथा की पायथा?

डहाणू रोड स्थानकावर उतरून जव्हारच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर आशागड लागते. किनाऱ्यावरचा खारा वारा आणि चिकूच्या वाड्या येथून मागे पडू लागतात आणि पूर्वेकडील डोंगर डोळ्यांत भरू लागतात. सुट्टीच्या दिवशी शहरातून पायी भटकण्यासाठी येणाऱ्या मंडळींपुढे या परिसरात एक साधा प्रश्न उभा राहतो. सोंडेवरून चढून माथा गाठायचा, की खोऱ्यातील पाड्यांमधून, ओढ्याच्या काठाकाठाने चालून परतायचे? प्रश्न साधा खरा. पण त्याचे उत्तर बहुधा विचाराने दिले जात नाही, भिडेने दिले जाते.

कोणत्याही मंडळाची वा कचेरीतील सोबत्यांची सहल पाहावी. जो सर्वांत धडधाकट असतो तोच प्रथम बोलतो आणि तो माथ्याचे नाव घेतो. ज्याचा गुडघा दुखतो, जिला दम लागतो, ज्यांच्यासोबत दहा वर्षांचे मूल आहे, ती माणसे एकमेकांकडे पाहून गप्प राहतात. त्यांच्या मौनाला संमती समजून चढाई सुरू होते. ‘सोपी वाट’ हा शब्दच आपल्याकडे किंचित तुच्छतेने उच्चारला जातो. ती घेणारा जणू काही कमी प्रतीचा. या समजुतीची झडती घेण्यासाठी डहाणूच्या भूमीइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. कारण येथील लोकमानसाने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीच्या पुढे विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देऊळ आहे. देवीचे मूळ स्थान डोंगरावर. आख्यायिका अशी सांगतात, की एक गरोदर स्त्री नेमाने दर्शनासाठी डोंगर चढत असे. एके दिवशी तिला चढ सोसवेना. ती वाटेतच कोसळली. तेव्हा देवीने तिला सांगितले, की तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. आणि देवी पायथ्याशी आली. आज चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत लक्षावधी माणसे पायथ्याच्या देवीपुढे हात जोडतात आणि आपण अर्ध्या वाटेवर आहोत असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नाही.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. देवी खाली उतरली म्हणून माथा ओस पडला नाही. चैत्र पौर्णिमेच्या रात्री वाघाडी गावच्या सातवी घराण्यातील पुजारी ध्वज घेऊन तो अवघड डोंगर चढतो आणि शिखराजवळ निशाण फडकवतो. हा मान त्याचा आहे, कारण डोंगर त्याच्या पायाखालचा आहे आणि ते कर्तव्य परंपरेने त्याच्याकडे आलेले आहे. यात्रेकरूंनी त्याच्यामागे धावत सुटावे अशी अपेक्षा नाही. ज्याची तयारी आहे त्याने चढावे. ज्याची नाही त्याच्यासाठी देवताही खाली येते. सहलीच्या नेत्याला याहून चांगला धडा कोणत्या ग्रंथात मिळणार?

भावनेचा भाग बाजूला ठेवून हिशोब मांडला तरी निष्कर्ष तोच निघतो. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ढोबळ नियम सांगितला, तो आजही उपयोगी पडतो. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. म्हणजे दहा किलोमीटरच्या वाटेत सहाशे मीटर चढ असेल, तर निव्वळ चालण्याचेच तीन तास झाले. हा हिशोब कसलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा. मुले, वडीलधारी माणसे, विश्रांती, पाणी, वाट चुकणे हे सारे धरले, की वेळ दुप्पट धरणे हेच शहाणपणाचे. गंभीरगडासारखा डहाणू तालुक्यातील डोंगर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. अशा ठिकाणी दहा वाजता चढू लागलेली मिश्र टोळी हिवाळ्यात उतरतानाच अंधारात सापडू शकते. आणि घसाऱ्यावर, सुटलेल्या मुरमावर पाय जातो तो बहुधा उतरताना. चढताना दम लागतो म्हणून माणूस थांबतो. उतरताना मांड्या थकलेल्या असतात, लक्ष उडालेले असते, आणि थांबण्याचे भान राहत नाही. दोर, दिवा, पाणी आणि माहीतगार सोबती यांच्याखेरीज केवळ उत्साहाच्या बळावर धार चढणे याला साहस म्हणत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण नियमावली कितीही चांगली असली तरी सोंडेच्या तोंडाशी उभे राहून ‘आज नको’ म्हणण्याचे काम ती करू शकत नाही. ते माणसालाच करावे लागते.

याचा अर्थ खोऱ्याची वाट निर्धोक असते असाही नव्हे. पावसाळ्यात घोटाभर पाण्याचा ओढा तासाभरात कमरेएवढा होतो, आणि चैत्र-वैशाखात सखल भागातील दमट उष्मा चांगल्या चालणाऱ्यालाही लोळवतो. विचार येथेही करावाच लागतो. फरक इतकाच, की खोऱ्यात चूक सुधारायला सहसा अवसर मिळतो. धारेवर तो मिळेलच असे नाही.

आणि खोऱ्यात पाहण्यासारखे काही नसते असे मानणाऱ्याने या भागाचा इतिहास एकदा चाळावा. याच परिसरातील गंजाड गावी जिव्या सोमा म्हसे राहत. वारली चित्रकलेला त्यांनी जगाच्या नकाशावर नेले; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ साली ते गेले. त्यांच्या चित्रांत भाताची शेते, मासे धरणारी माणसे, मुंग्यांच्या रांगा, तारप्याभोवती फेर धरलेले नर्तक दिसतात. हे सारे विश्व खोऱ्यातील पाऊलवाटांवरून चालणाऱ्याला दिसणारे आहे. तसेच १९४५ च्या मे महिन्यात, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली स्त्रीपुरुष पाच हजारांच्या संख्येने जमले आणि वेठ करणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती कहाणी नोंदवली आहे. सावकाराच्या आणि जमीनदाराच्या धाकातून बाहेर पडत ती माणसे झरीला चालत गेली. या प्रदेशाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत अवघड अशी ही चाल शिखराकडे झालीच नाही.

उलटपक्षी, ज्यांना खरोखर डोंगराचा आश्रय घ्यावा लागला ते हौसेने वर गेले नव्हते. घोलवड-बोर्डीच्या पूर्वेस बारडच्या डोंगरात बहरोटची लेणी आहेत. संजाण पडल्यावर पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या गुहांमध्ये आणून बारा वर्षे जपला अशी परंपरा आहे. ‘किस्सा-ए-संजान’ या काव्यात ती आलेली आहे. आणि संकट टळताच तो अग्नीही खाली उतरवला गेला. बन्सडा, नवसारी असा प्रवास करीत तो अखेर १७४२ साली उदवाड्यास स्थिरावला. उंची हे त्यांचे ध्येय नव्हते. अग्नी विझू न देणे हे होते.

येथे एक गोष्ट शहरातील पांथस्थाने स्वतःला बजावली पाहिजे. आपल्यापुढे दोन वाटा असतात. येथील पुष्कळांपुढे एकच असते. मोळी डोक्यावर घेऊन उतारावरून येणाऱ्या बाईला सोपी वाट कोणती हे कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात, मर्कटवाडीत, एका स्त्रीची मुदतीपूर्वी प्रसूती झाली. जुळी बाळे दगावली आणि रस्ता नसल्याने त्या मातेला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर निसरड्या वाटेने न्यावे लागले. गरोदर भक्तासाठी देवी डोंगर उतरून आली असे ज्या प्रदेशाची श्रद्धा सांगते, तेथे बाळंतिणीपर्यंत अजून सर्वत्र रस्ता चढून गेलेला नाही. हौसेखातर धारेवर गेलेला पाहुणा पाय मोडून बसतो, तेव्हा त्यालाही अशाच डोलीत घालून खांद्यावरून उतरवणारे हात याच पाड्यांतले असतात. त्यांच्या खांद्यांवर आधीच पुरेसे ओझे आहे. आपल्या अहंकाराचे ओझे त्यात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून माथा वर्ज्य करावा असे नाही. ज्यांनी पाय आणि मन तयार केले आहे, ऋतू ओळखला आहे, स्थानिक माणसाला मानाने सोबत घेतले आहे, त्यांनी अवश्य चढावे. अवघडाची ओढ नसती तर माणूस माणूस झाला नसता. पण टोळी मिश्र असेल तर वाट ठरवताना प्रथम शेवटच्या माणसाला बोलते करावे, आणि त्याच्या पायांना झेपेल तीच वाट सर्वांची मानावी. नेत्याची परीक्षा तो किती उंच नेतो यावर होत नाही. जितके नेले तितके सगळे हसतमुखाने परत आणतो की नाही, यावर होते. विवळवेढ्याच्या देवळात हात जोडताना एवढे आठवले तरी पुरे, की ही देवी वर राहू शकत होती. ती एका थकलेल्या बाईसाठी खाली आली.