चाकणचा भुईकोट व तेलाच्या मुलखातील ओसाड गाव

गेल्या नाताळच्या सुट्टीपूर्वी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही चाकणचा संग्रामदुर्ग पाहावयास गेलो होतो. वाकडहून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी असे मजल दरमजल जात, इंद्रायणी ओलांडून आमची गाडी चाकणच्या पेठेत शिरली, तेव्हा दोन्ही बाजूंस कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा व मनुष्यांची गर्दी ह्यांखेरीज काही दिसत नव्हते. किल्ल्यापाशी उतरल्यावर मुलांनी इकडे तिकडे पाहिले. रायगड किंवा सिंहगड पाहिलेल्या त्या डोळ्यांना उंच कडा दिसेना, दरी दिसेना. शेवटी एका मुलाने धीर करून विचारले, "सर, येथे पाहावयाचे आहे तरी काय?"

त्या वेळी आम्ही त्यास थोडक्यात उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हासच पुरेसे वाटले नाही. प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता. ज्या स्थळी डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, तेथे कशासाठी जावे व गेल्यास काय पाहावे, हे आधी कोणी समजावून सांगावे लागते. सबब हा लेख.

ह्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर फार दूरच्या मुलखात मिळते, म्हणून वाचकांनी आमच्याबरोबर क्षणभर अमेरिकेत यावे. पेनसिल्व्हेनिया संस्थानाच्या वायव्य भागात ऑइल क्रीक नावाचा एक ओढा आहे. त्याच्या पाण्यावर पूर्वापार तेलाचा तवंग येत असे, व लोक ते तेल औषध म्हणून गोळा करीत. १८५९ सालच्या ऑगस्टच्या २७ तारखेस टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक ह्या गृहस्थाने खणविलेल्या विहिरीत अवघ्या ६९.५ फुटांवर तेल लागले. भोक खणावे तो बाजूची माती व पाणी आत ढासळे. त्यावर ड्रेकने लोखंडी नळ खडकापर्यंत ठोकून त्याच्या आतून खणण्याची युक्ती काढली. दिसण्यात साधी, पण पुढे साऱ्या जगाचा दिवा व नंतर साऱ्या जगाची चाके ज्या तेलावर चालली, त्याच्या मोठ्या धंद्याचा आरंभ त्या नळातून झाला.

मग त्या ओढ्याच्या काठी जी धावपळ उडाली तिचे वर्णन करणे कठीण आहे. रान तोडले गेले, टेकड्या उघड्या पडल्या, चिखलात घोडे बुडू लागले. १८६५ च्या जानेवारीत पिटहोल नावाच्या ओढ्याशेजारी तेल लागले आणि ते वर्ष सरण्यापूर्वी तेथे पंधरा ते वीस हजार वस्तीचे शहर उभे राहिले होते असा अंदाज आहे. पन्नासांहून अधिक खाणावळी व उतारगृहे, नाटकगृह, टपाल कचेरी, सारे काही झाले. तेलाची पिंपे वाहणाऱ्या गाडीवानांचे भाडे परवडेना, तेव्हा सॅम्युएल व्हॅन सिकल ह्याने त्याच वर्षी तेथून पाच मैलांहून अधिक लांब लोखंडी नळ टाकून तेल वाहून नेले. पोट बुडालेल्या गाडीवानांनी तो नळ फोडण्याचे प्रयत्नही केले. पुढे विहिरी आटल्या, आगी लागल्या, लोक जसे आले तसे गेले. १८७० च्या शिरगणतीत तेथे २३७ माणसे उरली होती, आणि १८७८ साली ती सारी जागा साडेचार डॉलरांहूनही कमी किमतीस विकली गेली!

आज पिटहोल येथे काय आहे? गवत. टेकडीच्या उतारावर जेथे रस्ते होते तेथील गवत तेवढे कापून ठेवतात, म्हणजे प्रवाशास शहराचा नकाशा आपल्या पायांनी चालता येतो. एका लहानशा इमारतीत जुन्या शहराची प्रतिकृती मांडली आहे. ती पाहून बाहेर यावे, आणि हिरव्या पट्ट्यावर उभे राहून येथे उतारगृह होते, येथे देऊळ होते, असे मनाशी जुळवावे. ड्रेकच्या विहिरीजवळ संग्रहालय आहे. ऑइल क्रीकच्या काठचे तोडलेले रान पुन्हा वाढले असून ते आता सरकारी उद्यान आहे, व एके काळी ज्या मार्गावरून आगगाडी जाई त्या मार्गावर मुले सायकली चालवितात. लोक तेथे आवडीने जातात. पाहावयास काही नाही असे त्यांस वाटत नाही, कारण काय पाहावयाचे ते तेथे कोणी सांगून ठेवले आहे.

आपल्या महाराष्ट्रात जमिनीवर तेलाचा मुलूख नाही. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली तेल लागले खरे, परंतु भर समुद्रात सहल काढण्यास आमचे मुख्याध्यापक परवानगी देतील असे वाटत नाही! आपला मुलूख कारखान्यांचा आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आणि मग भोसरी, चिंचवड, पुढे चाकण, अशी यंत्रांची वस्ती पसरत गेली. तेथे आणि येथे एक मोठा भेद आहे. पिटहोलचा उद्योग मेला व त्याच्यावर गवत उगवले. आपला उद्योग जिवंत आहे, व त्याच्याखाली जुना इतिहास दडपत चालला आहे. तिकडे जागा पुष्कळ, कथा वीसेक वर्षांची. इकडे कथा कित्येक शतकांची आणि जागा मात्र रोज कमी होणारी.

आता चाकणच्या भुईकोटाकडे वळू. डोंगरी किल्ल्याचे अर्धे रक्षण निसर्ग करतो. भुईकोटास कडा नाही, म्हणून ते काम मनुष्यासच करावे लागते: भोवती खंदक, खंदकाच्या आत तट, तटास बुरूज, आणि सरळ आत घुसता येऊ नये असा वळणाचा दरवाजा. बुरूज पुढे आलेले असतात ते शोभेसाठी नव्हे. तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूस तटावरून सरळ खाली वाकून मारणे अवघड; दोन बाजूंच्या बुरुजांवरून मात्र त्यावर तिरपा मारा करता येतो. हे एकदा कळले म्हणजे पडक्या बुरुजाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

हा कोट सपाटीवर का बांधला, हेही ध्यानात घ्यावे. पुण्याहून जुन्नरकडे व अहमदनगरकडे जाणाऱ्या वाटा येथे राखल्या जात. १६६० साली शायिस्तेखान पुण्यास येऊन बसला, तेव्हा नगरहून त्याच्या फौजेस येणारी रसद निर्वेध चालावी म्हणून चाकण हाती असणे त्यास अगत्याचे वाटले. २१ जून रोजी तो किल्ल्यासमोर येऊन ठाकला. आत फिरंगोजी नरसाळा हा शहाजीराजांच्या काळापासूनचा जुना जाणता किल्लेदार, व त्याच्याजवळ तीन-साडेतीनशेंची शिबंदी. बाहेर हजारोंची फौज व मोठ्या तोफा.

मोगलांनी चहूंबाजूंस मोर्चे लावले, मातीचे दमदमे उभारून त्यांवर तोफा चढविल्या. दिवस पावसाळ्याचे. मावळच्या काठचा तो पाऊस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात खणलेले मोर्चे पाण्याने भरत, आणि आतून गोळ्यांचा मारा थांबत नसे. तोफांनी काम होईना असे पाहून खानाने भुयार खणविण्यास आरंभ केला. जमिनीखालून वाट काढीत ईशान्येकडील बुरुजाखाली दारू ठासली आणि १४ ऑगस्ट रोजी दुपारी बत्ती दिली. बुरूज व त्यावरील माणसे आकाशात उडाली. खिंडार पडलेले पाहून मोगल धावून आले, तो आत मातीचा दुसरा बांध तयार! त्या बांधाआडून मराठ्यांनी दारूचे बाण व दगड ह्यांचा असा वर्षाव केला की त्या दिवशी मोगलांस पुढे सरकता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तट घेतला, व फिरंगोजीने किल्ला खाली करून दिला. मोगलांकडील २६८ माणसे ठार व ६०० जखमी झाली. खानाने किल्लेदारास आपल्या चाकरीत येण्याविषयी सांगितले, ते त्याने नाकारले. पुढे शिवाजीमहाराजांच्या भूपाळगडाचा किल्लेदार म्हणून त्याचे नाव आढळते. मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद ठेविले. ते लोकांच्या तोंडी बसले नाही.

आमच्या मते ह्या कथेतील पाहण्यासारखी वस्तू बुरूज ही नव्हेच, तो आतला मातीचा बांध होय. सुरुंग कोठे फुटेल ह्याचा अदमास घेऊन, बुरूज हातचा जाणार हे गृहीत धरून, पावसात भिजत कोणी तरी तो उभारला असला पाहिजे. त्या माणसांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत, आणि बांधही उरलेला नाही.

आज तेथे तटाचे काही भाग, थोडे बुरूज, दरवाज्याचे अवशेष, आत विष्णूचे देऊळ, व बव्हंशी बुजलेला खंदक एवढेच दिसते. मधल्या काळात दगड गेले, घरे आली. अलीकडे काही डागडुजी झाली आहे. नव्या दगडाचा रंग जुन्याहून निराळा दिसतो, आणि आम्हांस तरी तो तसाच निराळा राहावा असे वाटते, म्हणजे कोणते केव्हाचे हे मुलांस ओळखता येईल. तेथे जाणाऱ्याने प्रथम ईशान्य कोपरा शोधावा. होकायंत्र नसल्यास सकाळी जावे व सूर्य पाहावा. मग खंदक कोठून कोठवर गेला असेल तो घरांमधून चालत ताडावा; जमिनीचा उतार बरेच सांगतो. हे काम तासाभराचे आहे, आणि त्यास तिकीट लागत नाही.

चाकणखेरीज आपल्या आसपास आणखी स्थळे आहेत. शेलारवाडीजवळ घोरवडेश्वराच्या डोंगरावर बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी आहेत. पुढे त्यांत महादेवाची स्थापना झाली, आणि तुकाराममहाराज तेथे एकांतास जात असे सांगतात. भिक्षू, शिवभक्त व वारकरी ह्या तिघांनी एकच गुहा आपली मानली, हे आम्हांस फार मनोहर वाटते. पायथ्याशी मुंबईचा लोहमार्ग आहे, त्यामुळे जाणे सोपे. वडगाव मावळ येथे १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांच्या फौजेस मराठ्यांशी तह करावा लागला. तेथे त्याचे स्मारक आहे. चाकणच्या पश्चिमेकडील भामचंद्र डोंगर तर कारखान्यांच्या अगदी शेजारी आहे. तुकाराममहाराजांच्या साधनेचे ते स्थान. २००८ साली त्याच बाजूस शिंदे-वासुली येथे एका परदेशी रासायनिक कंपनीचे संशोधन केंद्र होऊ घातले असता ग्रामस्थांनी व वारकऱ्यांनी मोठा विरोध केला व अखेरीस तो बेत सोडून द्यावा लागला. कारखाना नको असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या पालकांपैकी अर्धेअधिक लोक लातूर, जळगाव, बुलढाणा, फार काय दुसऱ्या प्रांतांतूनही ह्या कारखान्यांच्याच भरवशावर वाकडास येऊन राहिले आहेत. म्हाताबोवांच्या म्हणजे आपल्या म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडास येणारे बगाड पाहण्यास जी गर्दी लोटते, तीत ह्या नव्या रहिवाशांची मुलेही असतात. मुले गावाशी लवकर जुळतात. वडील माणसांस वेळ मिळत नाही.

ज्या मुलाने आम्हांस तो प्रश्न विचारला त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळीस जातात. सहा वर्षे ते त्या वाटेने ये-जा करीत होते व तेथे किल्ला आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. सहलीनंतरच्या रविवारी मुलगा त्यांस घेऊन पुन्हा तेथे गेला. दोघांनी मिळून उरलेला तट पावलांनी मोजला, बापाची पावले निराळी व मुलाची निराळी, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून सोमवारी आमच्यापुढे ठेवले. ते आमच्या मोजणीशी जुळत नाहीत. पुढील खेपेस दोरी घेऊन जावे असे ठरले आहे.