एनिमी भिंतीत अडकलेला दिसतो, तो हॅकरच असतो का?

बीजीएमआय खेळताना असा एनिमी तुम्हीही पाहिला असेल. पाय हलत नाहीत, पण माणूस घसरत चाललाय. अर्धं अंग भिंतीत. गोळ्या मारल्या तर लागत नाहीत, आणि पुढच्या क्षणी तो दहा फूट पलीकडे! स्क्वॉडमधलं कुणीतरी ओरडतंच, "हॅकर आहे रे, रिपोर्ट मार!"

थांबा. स्क्रीनवर दिसतो तो एनिमी नसतो. तो कुठे असेल, याचा तुमच्या फोनने बांधलेला अंदाज असतो.

कसं ते बघा. समोरच्याचा फोन त्याच्या हालचाली सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर तुमच्या फोनला. समजा ही माहिती सेकंदाला २० वेळा येते आणि तुमचा गेम ६० एफपीएसवर चालतोय. म्हणजे दर ३ चित्रांमधली २ फोनने मनानेच काढलेली! नेट चांगलं असलं तर कळतही नाही. पण मधली माहिती गळाली (याला पॅकेट लॉस म्हणतात) की बऱ्याच गेममध्ये फोन त्या खेळाडूला आधीच्याच दिशेने पुढे ढकलत राहतो. तो गल्लीत वळलेला असतो, तुमच्या फोनला पत्ताच नसतो, म्हणून तो थेट भिंतीत. खरी माहिती आली की उडी मारून जागेवर.

एनिमी सेकंदाला ६ मीटर पळतोय आणि माहिती ३०० मिलिसेकंद उशिरा आली, तर तो दिसतो त्यापेक्षा १.८ मीटर पुढे असतो. जवळजवळ सहा फूट. हा फरक भरून काढायची सोय गेममध्ये असते, पण तिलाही मर्यादा आहे.

पिंग वाढला की आमच्या उंब्रजची पोरं म्हणतात, "सर्व्हर लांब आहे." सर्व्हर मुंबईत धरला तर अंतर साधारण ३०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन फक्त ३ मिलिसेकंद. केबल दुप्पट लांबीची असली तरी ६. बाकीचा उशीर बहुतेक वेळा जवळच होतो: संध्याकाळी एकाच टॉवरवर झालेली गर्दी, राउटर आणि तुमच्यामधल्या दोन भिंती.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या रूम मॅचमध्ये चाफळकडचा एक पोरगा असाच भिंतीतून घसरताना दिसला. त्याचं घर डोंगराच्या आडोशाला. पोरांनी त्याला हॅकर ठरवून ग्रुपमधून काढलं. मी त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागवलं आणि आमच्या रेकॉर्डिंगशेजारी लावलं. त्याच्या फोनवर तो सरळ रस्त्याने पळत होता, फक्त कोपऱ्यातला पिंग लाल. स्वतःचा खेळाडू सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच हलतो, त्यामुळे त्याला काहीच विचित्र वाटत नव्हतं. नेट त्याचं कमजोर, भूत आम्हाला दिसलं. त्याला ग्रुपमध्ये परत घेतलं, पण "हॅकर" हे नाव अजून चिकटलेलंच आहे.

मोकळ्या मैदानात येडबडल्यासारखा उभा राहून बाजूला गोळ्या मारणारा एनिमी हा बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो. खालच्या टियरमध्ये भरपूर भेटतात.

आणि खरा हॅकर? तो बहुतेकदा विचित्र दिसतच नाही. मेल्यावर त्याला स्पेक्टेट करा. भिंतीआडच्या माणसावर त्याचा नेम फिरत असेल, प्रत्येक वेळी डोक्यालाच चिकटत असेल, तर खुशाल रिपोर्ट मारा.

"त्याच्याकडे हॅक आहे, मग आपणही टाकू" म्हणून टेलिग्रामवरची एपीके मात्र घेऊ नका. आयडी बॅन होतो तो वेगळाच. अशी फाइल एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल, तर तिला तुमचा ओटीपी वाचता येतो. घरात बहुतेक वेळा तो फोन आईवडिलांच्या बँक खात्याला जोडलेला असतो. टाकली असेल तर आधी नेट बंद करा, परवानग्या काढा, ॲप उडवा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा.