वाडी बघायची तर माणसांसकट

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले. या शहरावरचे मराठीतले ते पहिले पुस्तक. देवळे, तळी, बाजार आणि नाना जातीधर्मांचे लोक हा त्याचा ऐवज. शहर पायी हिंडल्याखेरीज असे पुस्तक लिहून होत नाही.

असेच पायी हिंडत शहर दाखवणाऱ्या ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ या फेऱ्या 1999 साली आभा बहल आणि बृंदा गायतोंडे या दोन वास्तुविशारदांनी सुरू केल्या. पुढे भरत गोठोसकरांच्या ‘खाकी टूर्स’ने अशा फेऱ्यांना मोठा प्रेक्षक मिळवून दिला. फोर्टात हे काम तुलनेने सोपे आहे. तिथली इमारत समोर उभे राहून, मान वर करून बघता येते. गिरगाव, लालबाग, परळ असे बघता येत नाहीत; ते माणसांसकट बघावेत, हा माझा आग्रह आहे.

खोताची वाडी घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांनी इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. त्यातून कौलारू छपरांची, लाकडी सज्जांची, बाहेरून जिना असलेली घरे उभी राहिली. एके काळी ती सुमारे 65 होती, आता तीसही उरली नाहीत. बाहेरचे लोक फोटोंसाठी येतात, पण ओटा हा कुणाच्या तरी घराचा भाग आहे. विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. जवळच्याच केशवजी नाईक चाळीत 1893पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. 1901 साली टिळक इथे आले होते. चाळीच्या चौकात उभे राहिले की आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून सगळ्यांना गणपती कसा दिसत असेल, हे कळते.

लालबाग-परळच्या गिरणगावात मात्र गिरणीची चिमणी दाखवून फेरी संपते, याचे मला वाईट वाटते. कावसजी दावरांनी 1854 साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. या दोन तारखांच्या मधले आयुष्य चाळीतल्या खोलीत गेले. कोकणातल्या एकेका गावाची इथे खोली असे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथे पाठ टेकी. बायकामुले गावी, म्हणून जेवण खाणावळीत. ही खाणावळ चालवणारी बाई पहाटेपासून चुलीपाशी, महिन्याच्या उधारीवर माणसांना जेवू घालणारी आणि स्वतः सावकाराच्या व्याजात अडकलेली. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांसाठी. त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. गिरणगाव दाखवणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे. परळच्या बीआयटी चाळीतही थांबावे. 1896च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ती बांधली. बाबासाहेब आंबेडकर 1912पासून दोन दशके तिथे राहिले.

या फेऱ्या मराठीत अधिक व्हाव्यात, आणि वाट दाखवायला चाळीतलेच ज्येष्ठ असावेत, त्यांना रीतसर मानधन देऊन. आयोजकांची वाट मात्र बघू नका. घरात गिरगावचे किंवा गिरणगावचे कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्याबरोबर त्यांच्या वाडीत जा. खोलीचा नंबर, खाणावळवालीचे नाव, गॅलरीत कोण कुठे झोपे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पुनर्विकासाच्या नकाशात यातले काहीच नसते.