शिळाछापाचा दगड आणि पिसाचा ठसा

फरशीपासून छापखान्यापर्यंत

जर्मनीतल्या बव्हेरियात, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात झोल्नहोफेन नावाचं गाव आहे. इथली चुनखडी आपल्या शहाबादी फरशीसारखी थराथरांनी सुटते. घरांची छपरं आणि जमिनी तिच्याच. १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डरला शिळाछापाची युक्ती सुचली, आणि या गुळगुळीत दगडाला परदेशांतूनही मागणी येऊ लागली. आपल्याकडे ज्या शिळाप्रेसवर जुन्या पोथ्या निघाल्या, त्या तंत्राचा उगम हाच.

थर कसे बसले

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळाच्या अखेरीस, इथे उथळ खाजणं होती. प्रवाळ आणि स्पंजांच्या बांधांनी ती खुल्या समुद्रापासून तोडलेली. उन्हानं पाणी आटायचं, जड झालेलं खारट पाणी तळाशी जायचं. तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच, त्यामुळे मेलेल्या जिवाचे लचके तोडायलाही कोणी उरत नसे. वरून चुन्याचा बारीक गाळ अलगद बसे. नालखेकड्यानं चिखलात काढलेली शेवटची वाट आणि तिच्या टोकाशी तो स्वतः, असे नमुनेही इथे मिळाले आहेत.

दगडाचे कण इतके बारीक, की त्यावर चित्रकाराची रेघ जशी उठते तसाच पिसाचा प्रत्येक तंतूही.

पिसाची गोष्ट

१८६१मध्ये हेरमान फॉन मायर यांनी खाणीत सापडलेल्या एका पिसाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी पिसांसकट एक सांगाडाही निघाला. तो हेबरलाइन नावाच्या डॉक्टरकडे गेला. पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं त्यांचा संग्रह ७०० पौंडांना घेतला, त्यातच तो होता. डार्विनचं पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झालेली! पंख पक्ष्याचे, शेपूट मात्र सरड्यासारखी लांब, हाडांची. पुढे मिळालेल्या बर्लिनच्या नमुन्यात जबड्यातले दातही स्पष्ट दिसले. नाव पडलं आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. त्यातला दुसरा शब्द छापाच्या दगडावरून आला आहे.

अभ्यासाची रीत

सुरुंग लावून हा दगड काढला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. पाथरवट छिन्नी-हातोड्यानं एकेक लादी उकलतो, म्हणून जीवाश्म दिसतो. बहुधा तो दोन्ही फाकांवर उमटलेला असतो, म्हणून दोन्ही जपायच्या. खाण कोणती, थर कोणता, याची नोंद नसेल तर नमुना निव्वळ शोभेचा. अतिनील प्रकाशात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारकावे उजळतात.

संग्रहालयातही शोध लागतात. हार्लेमच्या टेलर संग्रहालयात उडत्या सरीसृपाचा म्हणून ठेवलेला एक नमुना प्रत्यक्षात पिसं असलेल्या प्राण्याचा आहे, हे जॉन ऑस्ट्रम यांनी १९७०मध्ये ओळखलं. तो खाणीतून निघाला होता १८५५मध्ये.

हौशींसाठी

आइशटेटजवळच्या ब्लूमेनबर्ग खाणीत कोणीही जाऊन दगड फोडू शकतो. लादीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर हुरळून जाऊ नका. ती वनस्पती नव्हे, भेगेत झिरपलेल्या लोह-मँगनीजची खनिजं आहेत.