स्लाइडवरील विधान आणि त्याचे व्याकरण

व्याख्यानासमवेत पडद्यावर स्लाइड दाखविण्याची प्रथा आता विद्यापीठीय व्यवहारात रूढ झाली आहे. पॉवरपॉइंट ही आज्ञावली १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम विक्रीस आली. आज चर्चासत्रापासून प्रबंधाच्या मौखिक परीक्षेपर्यंत तिच्यावाचून पान हलत नाही. स्लाइड सुधारावी कशी, असा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा बहुधा रंग आणि सजावट यांकडे वळते. वस्तुतः स्लाइडचे मुख्य वैगुण्य वाक्यरचनेचे असते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या बाबतीत कोलंबिया अवकाशयानाचे उदाहरण उद्बोधक आहे. १६ जानेवारी २००३ रोजी या यानाचे उड्डाण होत असता इंधनटाकीवरील फेसाळ आवरणाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी संभाव्य हानीचे विवेचन स्लाइडद्वारे नासापुढे मांडले. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक वाचणाऱ्यास आश्वस्त करणारे होते. मात्र उपमुद्द्यांच्या उतरंडीत अगदी तळाशी अशी नोंद होती की, आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान १९२० घन इंच, तर चाचणीतील तुकड्याचे ३ घन इंच होते. म्हणजे फरक ६४० पटींचा होता. ‘लक्षणीय’ या अर्थाची शब्दरूपे त्या एकाच स्लाइडवर ५ वेळा आली होती. पण किती म्हणजे लक्षणीय, हे कोठेही स्पष्ट नव्हते. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, एडवर्ड टफ्टी यांच्या विश्लेषणाच्या आधारे, या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली. अपघात स्लाइडमुळे घडला, असे म्हणता येणार नाही. परंतु धोक्याचे गांभीर्य त्या मांडणीत झाकले गेले, हे नाकारता येत नाही.

येथे उणीव आकड्यांची नव्हती, ‘म्हणून’ या एका शब्दाची होती. तुकडा चाचणीतल्याहून कित्येक पटींनी मोठा आहे, म्हणून या चाचण्यांवरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही, असे पूर्ण वाक्य शीर्षकस्थानी हवे होते. ठिपक्यांच्या यादीत क्रियापद आणि उभयान्वयी अव्यय हीच प्रथम गळून पडतात. ‘कमी पाऊस, उत्पादन’ असे दोन मुद्दे लिहिले, तर ‘पाऊस कमी पडला म्हणून उत्पादन घटले’ आणि ‘पाऊस कमी पडला तरी उत्पादन घटले नाही’ ही परस्परविरोधी विधाने त्यांत सारखीच सामावतात. वक्त्यास अर्थ ठाऊक असल्याने त्याला ही संदिग्धता जाणवत नाही. श्रोता मात्र तर्काने पोकळी भरून काढतो.

यावरून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. शीर्षक नामपद नसावे, विधान असावे. ‘बोलीभेद’ याऐवजी ‘नदीच्या दोन तीरांवर प्रत्ययाची रूपे भिन्न आहेत’ असे लिहावे. त्याखाली ठिपके नकोत, त्या विधानाचा पुरावा असावा : नकाशा, आलेख किंवा मोजकी उदाहरणे. मायकेल अ‍ॅली यांनी वैज्ञानिक सादरीकरणासाठी हीच रीत पुरस्कारिली आहे. पडद्यावरील मजकूर शब्दशः वाचू नये. एकच मजकूर एकाच वेळी वाचणे आणि ऐकणे यांमुळे चित्राकडील अवधान विभागले जाते, हे रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखविले आहे. सविस्तर विवेचन आज्ञावलीतील टिपणांच्या रकान्यात ठेवावे. टंक, आकार व समास स्लाइड मास्टरमध्ये एकदाच निश्चित करावेत. देवनागरीत वेलांटी, रफार वर आणि उकार खाली येतात. यास्तव ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षा अधिक ठेवावे. युनिकोड टंकच वापरावा, अन्यथा परक्या संगणकावर जोडाक्षरांची दुर्दशा होते.

स्लाइड तयार झाल्यावर केवळ शीर्षके अनुक्रमाने वाचून पाहावीत. त्यांतून सलग युक्तिवाद उभा राहिला, तर सादरीकरण सिद्ध झाले असे समजावे. न राहिल्यास दोष रंगसंगतीत न शोधता विचारात शोधणे इष्ट होय.